चाळलेला बर्फ

संचालकबाईंना हंगामाचा अहवाल हवाय, एका पानात.
अडुसष्ट प्रयोग, लिहिलं मी.
बुटांचे दोनशे बारा जोड.
पुढे पेन उचलेना.

रूसेत लिंडन फुललेत.
डॅन्यूबवरून ओलसर वारा येतो
आणि तालमीच्या खोलीतला राळेचा, आयोडीनचा वास
जरासा हलवून पुन्हा जागच्या जागी ठेवतो.

सत्तावीस वर्षं माझा पियानो भिंतीकडे तोंड करून आहे,
कारण दुसऱ्या बाजूला जमीन उतरती.
नर्तक मला दिसत नाहीत. ऐकू येतात.

रादोस्तिना उडी मारून उतरते
तेव्हा फक्त माझ्या कपातला चमचा
किंचित किणकिणतो.
मिनोरी मात्रा मोजते जपानीत, ओठांतल्या ओठांत,
सातपर्यंत स्पष्ट,
आठवी गिळून टाकते.
इवेलिना समेच्या आधीच निघते,
एकोणीस वर्षांची आहे, दुसरं काय.
आणि झ्द्राव्को:
त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा केसभर उशिरा पडायचा.
मी डाव्या हातानं थोडं थांबून
ती कसर भरून काढायचे.
अकरा वर्षं. त्याला कधी बोलले नाही.

डिसेंबरात अठरा वेळा बर्फ पडला, कागदाचा.
पडदा पडला की म्हातारा पेन्चो तो झाडून गोळा करायचा,
पिठाच्या चाळणीनं चाळायचा,
पुन्हा पोत्यात, पुन्हा वर, छताला.
चाळणीची भोकं मोठी होती.
अठराव्या रात्री बर्फासोबत पडल्या
केसांच्या पिना, एक बटण, एक खोटी पापणी,
कुणाच्या तरी अंगठ्यावरची पट्टी.
पहिल्या रांगेतली पोरं तोंड उघडून वर बघत होती.
त्यांना वाटलं असेल, बर्फ असाच असतो.

जानेवारीत बॉयलर गेला.
लोकरीचे मोजे मांड्यांपर्यंत ओढून सराव चालला,
माझी बोटं बोटं राहिली नव्हती.
त्या पंधरवड्यात सगळे चुकलो,
आणि सगळे एकाच वेगानं चुकलो,
म्हणून कुणाला कळलं नाही.

मार्चमध्ये, संथ चालीच्या मधोमध,
तार तुटल्यासारखा आवाज आला.
मी झाकण उचलून आत डोकं घातलं.
एकेक तार बोटानं चाचपली. सगळ्या शाबूत.
वळले, तर झ्द्राव्को जमिनीवर बसलेला,
टाच दोन्ही हातांत धरून,
जसं कुणी पडलेलं पाखरू धरावं.
"तुझी नाही," तो म्हणाला, "माझी."

आता तो बंदराजवळ सायकली दुरुस्त करतो.
परवा माझ्या चाकाला हवा भरून दिली,
पैसे घेतले. बरं वाटलं मला.

रादोस्तिनाचा शेवटचा प्रयोग गुरुवारी होता,
अर्धं नाट्यगृह रिकामं, बाहेर फुटबॉलची मॅच.
फुलं तिनं प्रकाशयोजनेच्या पोराला देऊन टाकली.
शुक्रवारी सकाळी, खोली रिकामी असताना,
ती एकटी आली, कोटासकट दांड्याशी उभी राहिली.
"नेहमीचं वाजव," म्हणाली.
मी नेहमीचं वाजवलं.
शेवटी तिनं एक उडी घेतली, बाहेरच्या बुटांनी,
आणि सगळी लाकडी जमीन धाडकन वाजली.
एक्केचाळीस वर्षांची बाई
मला पहिल्यांदा ऐकू आली.
दोघी हसलो. चमचा खाली पडला होता.

तिच्या जागी इवेलिना नाचेल सप्टेंबरात.
काल तिच्याबरोबर तीच संथ चाल काढली.
मध्येच थांबून ती म्हणाली,
"इथे तुम्ही दर वेळी अडखळता.
काय आहे इथे?"

मी स्वरलिपी पुढे ओढून पाहिली.
कागदावर काहीच नव्हतं.

"पुन्हा घेऊ," म्हणाले मी,
आणि पुन्हा तिथंच
डावा हात थांबला.